जीप का उठत नव्हती?

गेल्या २० मार्चची पहाट. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या वर्धापनदिनी महाडला जायचे म्हणून आमच्या वस्तीतली माणसे चार वाजल्यापासूनच विहारासमोर जमली होती. बायकांनी पांढरी लुगडी नेसली होती, भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी फडक्यात बांधून तयार होती, पोरांनी जीपच्या पुढे निळा झेंडा लावला होता. ड्रायव्हरने किल्ली फिरवली. "टक्" असा एकच आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा "टक्". दिवे मात्र लख्ख पेटलेले!

"आज पन?" मागच्या बाकावरून आजीबाई म्हणाल्या, आणि सगळे मुकाट्याने खाली उतरून जीप ढकलायला लागले.

श्रीवर्धनसारख्या टोकाच्या गावात गाडीची किंमत काय असते हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. ही जुनी डिझेल जीप कागदावर एकाच्या नावाची असली तरी चौदा घरांनी वर्गणी काढून घेतलेली आहे. रात्री-अपरात्री बाळंतीण माणगावला न्यायची, मुंबईकर मंडळी आली की त्यांना आणायचे, मंगल परिणयाचे वऱ्हाड न्यायचे, सगळे हीच करते. वाडीत सुपारी सोलणारी, बांधकामावर जाणारी ही माणसे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात सुपारीच्या बागा आडव्या झाल्या तेव्हा यांची मजुरीच बुडाली होती. तरीही कोणी वर्गणी थकवली नाही. त्या जीपचा हिशेब ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे, म्हणून ही हकिकत मला पैशासकट पाठ आहे.

तर ही जीप वर्षभर अशीच छळत होती. दुपारी एका किल्लीत उठायची, पहाटे नाही. एखाद्या आठवड्यात रोज उठायची आणि नेमका आजारी माणूस आत बसला की "टक्". धक्का मारला की मात्र वीस पावलांत इंजिन सुरू. त्यामुळे ड्रायव्हर ती नेहमी उतारावर लावायचा आणि प्रवासात इंजिन म्हणून बंद करायचा नाही. डिझेल जळायचे ते वहीत दिसायचेच.

आधी आम्ही बॅटरी बदलली. ६,८०० रुपये. पंधरा दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. नंतर तालुक्याबाहेरच्या एका गॅरेजात सेल्फ खोलून वाइंडिंग करून आणले, ३,५०० रुपये. महिनाभर बरे, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिथल्या मिस्त्रीने सेल्फच नवीन टाका म्हणून सांगितले, तेव्हा मीटिंगमध्ये जीप विकून टाकण्याची भाषा सुरू झाली.

आणखी एक गोष्ट लिहितो, लाज वाटते तरी. एके दिवशी बंपरखाली लिंबू-मिरची टांगलेली दिसली. कोणी बांधली ते सर्वांना माहीत होते. आजीबाईंनी! एकाने तर अमावास्येला नारळ फोडण्याचे सुचवले. जीपच्या मागे वळणावर काहीतरी आहे म्हणे, म्हणून ती पहाटेच अडते. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या वस्तीत हे बोलणे ऐकून मी तापलो आणि मीटिंगमध्ये नको तितके बोललो. आजीबाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुमी म्हनता नारळ नको. मग ती का उठत नाय ते तरी सांगा." मला सांगता आले नाही. बी.कॉम. झालेल्या माणसाला उधार-जमा कळते, सेल्फ कळत नाही. कारणाशिवाय काही घडत नाही हे तथागतांचे वचन मी दर पौर्णिमेला सांगतो. पण ते कारण शोधायला लागणारी विद्या माझ्या हातात नव्हती, आणि माझी ती रिकामी जागा लिंबाने भरली होती.

वाहनापुढे हतबल होण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेला निघताना धरमतरच्या बाजूचे मोटारवाले आपल्या माणसांना गाड्या देणार नाहीत असे दिसले, म्हणून बाबासाहेब दोनशेहून अधिक प्रतिनिधींसह पद्मावती बोटीने समुद्रमार्गे निघाले. हरिहरेश्वराला वळसा घालून, बाणकोटच्या खाडीने दासगावला उतरायचे आणि तिथून पाच मैल पायी महाड. म्हणजे तो प्रवास आमच्याच किनाऱ्यावरून झाला. दुसरी गोष्ट १९२९ ची, चाळीसगावची. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब फिरत होते. स्टेशनवर लोक घ्यायला आले, पण टांगेवाला त्यांचा टांगा हाकायला तयार होईना. टांगा भाड्याने देतो, हाका तुम्ही, असे ठरले. वस्तीतल्या ज्या माणसाने लगाम हातात घेतला त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ही हकिकत त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहिली आहे. मला ती वाचताना नेहमी टांगेवाल्याचा राग येई. या वर्षी पहिल्यांदा त्या लगाम धरणाऱ्या गरीब माणसाचा विचार मनात आला. त्याची निष्ठा खरी होती, फक्त त्याला ते काम कोणी शिकू दिले नव्हते.

असो. आमची विद्या आम्हाला घरातच मिळाली. शेजारच्या गावचे एक काका एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. महाडहून आल्यावर त्यांना बोलावले. ते आले ते हत्यारांची मोठी पेटी घेऊन नव्हे. एक मीटर, दोन पाने आणि बॅटरी जोडायच्या जाड वायरी, एवढेच. आधी अंगठी काढून खिशात टाकली, बिडी ओढणाऱ्याला लांब पाठवले. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो, आणि अंगठी दोन टोकांत सापडली तर बोट भाजून निघते. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर.

"दिवे लाव आनि किल्ली मार," ते म्हणाले. टक्. "दिवे मंद झाले?" नाही, जराही नाही. "मग बॅटरी मेलेली नाय. मेली असती तर दिवे लगेच डोळे मिटतात. करंट आहे, पन सेल्फपर्यंत जातच नाय."

मग ते काही न करता नुसते पाच-सहा वेळा किल्ली मारायला लावत राहिले आणि बॉनेटमध्ये हात घालून एकेक वस्तू चाचपत होते. एकदम हात मागे घेतला. "ही वायर तापलेय!" पाहतो तर अ‍ॅक्सिलेटरची वायर! जिचा विजेशी काही संबंध नाही, ती हाताला चटका देत होती. आम्हाला वाटले आता खरेच भूत निघाले. काका मात्र हसले. "सापडला चोर."

त्यांनी समजावले ते माझ्या शब्दांत असे. करंट हा बॅटरीच्या एका टोकातून निघतो आणि काम करून दुसऱ्या टोकाला परत येतो. जायला जाड वायर आहे, परतायला गाडीचा लोखंडी सांगाडाच रस्ता. पण इंजिन सांगाड्यावर रबरी गाद्यांवर बसवलेले असते, हादरे लागू नयेत म्हणून. रबरातून वीज जात नाही. त्यासाठी इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी एक तांब्याची जाळीदार पट्टी असते. तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. दिव्यांना दहा-बारा अँपिअर पुरतात आणि त्यांचा परतीचा रस्ता सांगाड्यावरूनच जातो, इंजिनाशी त्यांना देणेघेणे नाही. सेल्फला दोनशे-तीनशे अँपिअर लागतात. पट्टी खराब झाली की एवढा करंट परतायला वाट शोधतो, आणि मिळेल त्या बारीक तारेतून घुसतो. म्हणून अ‍ॅक्सिलेटरची वायर तापली.

मग मीटर लावला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. किल्ली मारताना काटा अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा. आमचा पाचच्या पुढे गेला. शेवटी त्यांनी जाड वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनाला जोडली आणि म्हणाले, "मार आता." जीप पहिल्या किल्लीत उठली. पोरे ओरडली. आजीबाई ओट्यावरून खाली आल्या.

पट्टी काढली तेव्हा वरून ती धड दिसत होती. बोल्टाखाली मात्र हिरवी-निळी भुकटी आणि गंज, तारा निम्म्या तुटलेल्या. समुद्राच्या खाऱ्या हवेचे हे काम. पहाटे दव असते, इंजिन थंड असल्यामुळे फिरायला जड, करंट जास्त लागतो, म्हणून पहाटे अडायची. आणि बॅटरी, सेल्फ बदलल्यावर काही दिवस बरे का जायचे? ते काम करताना आजूबाजूच्या तारा हलायच्या, बोल्ट आवळले जायचे, तेवढ्यापुरता स्पर्श नीट व्हायचा. आम्ही १०,३०० रुपये खर्चून दर वेळी फक्त एक बोल्ट हलवत होतो.

नवी पट्टी १८० रुपये, सँडपेपर १० रुपये. जागा लोखंड चमकेपर्यंत घासली, पट्टी आवळली, वरून व्हॅसलिन फासले. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतली. सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी, हे काकांनी तीनदा बजावले. किनाऱ्यावर ज्यांची गाडी, रिक्षा, टेंपो आहे त्यांनी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एवढे करावे. इंजिन फिरते पण पेट घेत नाही, असा त्रास असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डिझेल, फिल्टर, लाइनमध्ये शिरलेली हवा हे पाहावे लागते. पण फिरतच नसेल तर पैसे काढण्याआधी दिव्यांकडे पाहा.

काकांनी मजुरी घेतली नाही. त्याऐवजी दर रविवारी चार पोरांना शिकवीन म्हणाले. सहा आली, त्यांत दोन मुली. एकीच्या आईला हे फारसे पसंत नव्हते, तिच्याशी अजून बोलणे चालू आहे. लिंबू-मिरची मी काढली नाही. आठ दिवसांनी आजीबाईंनीच काढली, आणि वाळलेले लिंबू माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हे पन वहीत लिवा, दोन रुपये."

मनुस्मृती दहनाच्या दिवशी, २५ डिसेंबरला, पुन्हा महाडला निघालो. म्हसळा, माणगाव, लोणेरे करीत दासगावला पोहोचलो तेव्हा चहासाठी थांबायचे ठरले. ड्रायव्हरने सवयीने इंजिन चालूच ठेवले होते. मागच्या बाकावरच्या त्या दोघींपैकी एक म्हणाली, "दादा, बंद करा की." त्याने एकदा आमच्याकडे पाहिले आणि बंद केले.