तीन रात्री विश्रांतवाडीत – एकटीनं!

मैत्रिणींनो, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी आजवर एकही रात्र एकटी राहिलेली नव्हते. प्रवास काय कमी झाले? बार्शीहून तुळजापूर, पंढरपूर तर नेहमीचंच. दिराचं लग्न, नणंदेचं बाळंतपण, सासऱ्यांचं डोळ्यांचं ऑपरेशन, मुलाचा कॉलेजप्रवेश, सगळ्याला गेले. पण प्रत्येक प्रवासाला एक काम होतं आणि बरोबर माणसं होती. डबे उघडायचे, पाण्याच्या बाटल्या मोजायच्या, खिडकीची जागा दुसऱ्याला द्यायची, हा आपला प्रवास. तुमचाही असाच असणार!

गेल्या डिसेंबरात मात्र मी पुण्याला विश्रांतवाडीत तीन रात्री एकटी राहिले आणि त्यातला एक दिवस भाजे-कार्ल्याची लेणी पाहिली. फार मोठा पराक्रम नव्हे, हे मीही जाणते. पण कसं जमवलं ते सांगते, कारण तुमच्यातल्या पुष्कळजणींच्या मनात असं काहीतरी असतं नि ते मनातच राहतं.

पहिला घाट घरातलाच

सगळ्यांत अवघड चढण पुण्यात नाही, आपल्याच स्वयंपाकघरात असते. मी म्हटलं, "मला चार दिवस पुण्याला जायचंय." ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली. "काय काम काढलंस?" आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "कार्ल्याच्या एकवीरेची ओटी भरायचीय." देवीचं नाव निघाल्यावर घरात कोण काय बोलणार?

दोन दिवस ते खोटं मला टोचत राहिलं. ओटी भरायला माझी ना नव्हती, पण मी त्यासाठी जात नव्हते. शेवटी रात्री सगळं आवरल्यावर सासूबाईंना खरं सांगितलं. "मला जुनी लेणी बघायचीत. एकटीनं राहून बघायचंय. काम काही नाही." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "कामाशिवाय कोणी जातं होय गं?" रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. ह्यांनी दोन दिवस तोंड फुगवलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, "पैसे आहेत ना?" होते. भिशीचे वर्षभर बाजूला ठेवलेले, माझे.

म्हणून माझा पहिला सल्ला हा, की निमित्त शोधू नका. निमित्त काढून गेलात तर पुढच्या वेळी पुन्हा नवं निमित्त शोधावं लागेल. खरं सांगून गेलात तर एकदाच काय तो वाद होतो.

दुसरा सल्ला स्वयंपाकाचा. चार दिवसांचं रांधून फ्रीज भरून ठेवू नका. असं करून माझी एक शेजारीण प्रवासाला निघतानाच आजारी पडली होती. मी शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी एवढंच करून ठेवलं. दूधवाल्याचा हिशोब, नळाची वेळ, गॅसचा नंबर आणि सासूबाईंच्या गोळ्या एका कागदावर लिहून तो कागद फ्रीजला चिकटवला. आणि ठरवून टाकलं, की फोन रात्री नऊला, एकदाच. नाहीतर "जिऱ्याचा डबा कुठला?" यातच आपला प्रवास संपतो.

मुक्काम कुठं करावा?

आधी मी पुण्यातल्या एका लॉजवर फोन केला. पलीकडून प्रश्न आला, "बरोबर कोण?" कोणी नाही म्हटल्यावर "मग जागा नाही!" सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, पण क्षणभर काहीतरी चोरी केल्यासारखं वाटलं. मैत्रिणींनो, अशा वेळी रडू नका, वादही घालू नका. दुसरा नंबर फिरवा.

विश्रांतवाडी मी दोन कारणांनी निवडली. लोहगावचा विमानतळ जवळ असल्यानं त्या बाजूला मुक्कामाच्या जागा पुष्कळ, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या एकट्या माणसांची तिथं सवय. शिवाय माझी भाची तिथंच नोकरदार मुलींच्या वसतिगृहात राहते. तिच्या खोलीत मला जागा नव्हती, पण हाकेच्या अंतरावर आपलं माणूस आहे हे बरं असतं. जागा ठरवताना एवढं बघा:

– फोनवरच सांगा, "मी एकटी येणार आहे." हो म्हणणाऱ्याचं नाव लिहून ठेवा.
– पहिल्या रात्रीचे पैसे आधी भरा, पावती घ्या. खोली स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ओळखपत्रावर घ्या.
– जागा मोठ्या रस्त्यावर हवी. स्वस्त मिळते म्हणून आतल्या अंधाऱ्या गल्लीत नको.
– खोलीत शिरल्यावर पिशवी ठेवायच्या आधी आतली कडी, खिडकीची खिटी, न्हाणीघराचं दार बघा. पटलं नाही तर तिथल्या तिथं खोली बदलून मागा. भिडेखातर गप्प बसू नका.

बार्शीहून एस.टी.नं आले. २०२३ सालच्या मार्चपासून बायकांना एस.टी.चं तिकीट अर्धं आहे, तो आपला हक्क घ्या. दिवसाउजेडी पोहोचेल अशीच गाडी धरा. चारच्या सुमारास मी खोलीत होते. चहा मागवला, पाय वर घेतले, आणि काय करावं तेच सुचेना! तासभर नुसती बसून होते. मग खाली उतरून आळंदी रस्त्यानं हिंडून आले. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्याकडे याच रस्त्यानं जाते. एरवी इथं नुसती वाहनांची गर्दी. पण संध्याकाळी भाजी घेणाऱ्या बायका, शाळेचे गणवेश, कढईतले वडे पाहिल्यावर परकं वाटलं नाही.

दुसरा दिवस जवळपासचा

पहिल्याच दिवशी लांब जाऊ नका. मी विश्रांतवाडीहून जवळच येरवड्याला डेक्कन कॉलेजात गेले. इथल्या पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे. सुट्टीचे वार आधी विचारून घ्यावेत. झाडीतला तो जुना परिसर पाहूनच मन निवतं. १९३९ पासून इरावतीबाई कर्वे इथं शिकवत होत्या. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाई म्हणून त्यांचं नाव अजून सांगतात. संशोधनासाठी गावोगाव, रानोमाळ हिंडल्या त्या. त्यांना कोणी "काय काम?" विचारलं असेल का, असं मनात आलं. विचारलंच असेल!

याच संस्थेच्या लोकांनी १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती ती. घरं, चुली, धान्य साठवायच्या जागा सगळं सापडलं. लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत. हे वाचलं आणि मी तिथंच थबकले. अभ्यासक त्याचा काय अर्थ लावायचा तो लावोत, मला मात्र वाटलं, त्या आईला लेकरू घराबाहेर धाडवलं नसेल. बरोबर कोणी असतं तर "चला, उशीर होतोय" ऐकू आलं असतं. मी पाहिजे तितका वेळ उभी राहिले.

संध्याकाळी जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर पाहिलं. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं हे खडकात कोरलेलं शिवालय भर शहरात आहे. समोरचा गोल नंदीमंडप बघाच. विश्रांतवाडीहून बसनं येरवडा गाठलं की पुढं शिवाजीनगरच्या बाजूला मेट्रो आहे.

तिसरा दिवस लेण्यांचा

पुणे-लोणावळा लोकलला बायकांचा वेगळा डबा असतो. कामशेत गेलं की मळवली येतं, तिथं उतरायचं. दुपारी गाड्या विरळ असतात म्हणून परतीची वेळ आदल्या दिवशीच लिहून ठेवा. रविवार आणि सुट्टी टाळा. पावसाळ्यात धबधब्यापायी झुंबड असते नि पायऱ्या निसरड्या होतात. एकटीला डिसेंबर-जानेवारीतला मधला वार उत्तम.

मळवलीच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला हमरस्त्यापलीकडे कार्ले. दोन्ही लेण्यांची तोंडं पश्चिमेला, त्यामुळे सकाळी भाज्याला सावलीत चढता येतं. दुपारनंतर कार्ल्याला जावं, तेव्हा समोरच्या मोठ्या कमानीतून ऊन आत उतरतं. दिवसभराला एकच रिक्षा ठरवा, भाडं आधी बोला आणि तिचा नंबर घरच्या कोणाला तरी कळवा. मी भाचीला कळवला होता.

भाज्याला बावीस लेणी आहेत. मुख्य चैत्यगृह इसवी सनाच्या आधीच्या दुसऱ्या शतकातलं. आत गेलं की छताच्या वाकलेल्या लाकडी फासळ्या दिसतात. खांब किंचित आत कललेले. लाकडी घर बांधणाऱ्या हातांना दगड नवा होता, म्हणून दगडातही त्यांनी लाकडासारखंच कोरलं. बाजूला चौदा स्तूपांचा जथा आहे, तिथल्या भिक्षूंची स्मारकं ती. त्या सकाळी तिथं मी, एक राखणदार आणि पोपट, एवढेच होतो.

आता ज्यासाठी गेले ते सांगते. आमच्या नगर वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलं होतं, की भाज्याच्या कोरीव लेखांत एका दानाखाली बाधा नावाच्या बाईचं नाव आहे. ती कोण? हालिकाची बायको. हालिक म्हणजे नांगर धरणारा, शेतकरी. राणी नव्हे, शेठाणी नव्हे. कुणब्याच्या घरातली बाई, आणि तिचं दान तिच्या नावावर! मला ब्राह्मी वाचता येत नाही. कुठली ओळ तिची, हेही मला तिथं उमगलं नाही. पण इथंच कुठंतरी ती आहे, एवढं मला पुरलं. तिनं ते पैसे कुठून बाजूला काढले असतील? तेव्हा भिशी नव्हती!

कार्ल्याला साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर दर पन्नास पायऱ्यांना थांबा, कोणी घाई करायला नाही. वर एकवीरेचं देऊळ आणि त्याला लागून ते प्रचंड चैत्यगृह, अडतीस मीटरच्या आसपास लांब. दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड अजून छताला आहे, स्तूपावरची लाकडी छत्रीसुद्धा. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठानं हे पुरं केलं आणि जंबुद्वीपातलं हे उत्तम शैलगृह, असं कोरून ठेवलं. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी. खांब दिले कोणी? व्यापाऱ्यांनी, यवनांनी, एकेकट्या माणसांनी. एका गृहस्थाची आई भायिला, तिचंही नाव दानात आहे.

आणि हो, एकवीरेची ओटीही भरली. खणानारळाची, मनापासून. तोंडून निघालेला शब्द देवीपाशी खोटा राहू नये म्हणून.

पाचच्या आत डोंगर उतरा. वरचे लोहगड, विसापूर कितीही खुणावले तरी त्या दिवशी एकटीनं नको. पिशवीत पाण्याची बाटली, दशम्या-चटणी, गूळ-शेंगदाणे, टोपी, सुटे पैसे आणि लहान विजेरी असू द्या. पायात चपला नकोत, बूट हवेत. माकडांपुढं खाऊ उघडू नका. माझा तीन रात्रींचा, जाण्यायेण्यासकट सगळा खर्च सात हजारांच्या आत बसला.

परत आल्यावर

घर जागेवर होतं. दूध एकदा उतू गेलं होतं, ह्यांनी पिठलं केलं होतं नि ते बरं झालं होतं म्हणे. खोटं कशाला सांगू, माझ्यावाचून काही अडलं नाही याचं जरासं वाईटही वाटलं. पण ते ओझंही त्याच दिवशी खांद्यावरून उतरलं.

रात्री सासूबाईंचे पाय चेपताना त्यांनी विचारलं, "मग, काय पाहिलंस एवढं?" मी खांबांचं, लाकडाचं सांगितलं. मग बाधाचं सांगितलं. त्या उठून बसल्या. "शेतकऱ्याच्या बायकोचं नाव? दगडात?" त्यांचं सगळं आयुष्य शेतावर आणि चुलीपाशी गेलं. सातबाऱ्यावर त्यांचं नाव कधी लागलं नाही. थोड्या वेळानं हळूच म्हणाल्या, "पायऱ्या फार आहेत का गं?"

येत्या जानेवारीत आम्ही दोघी जाणार आहोत. भाज्याला त्यांना जमेल तेवढंच चढू. आणि पुढच्या वर्षी पुन्हा मी एकटी. मैत्रिणींनो, तुमच्या गावाजवळही एखादं लेणं, एखादा पडका वाडा, एखादं जुनं देऊळ असेलच. तारीख ठरवा, आणि कोणी "काय काम?" विचारलं तर खरं ते सांगा.