सायकल टपावर की पाठीवर?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलीला बंदी आहे. त्यामुळे मुंबईकराला पवना धरणाच्या काठाने किंवा ताम्हिणी घाटात पायडल मारायचं असेल, तर सायकलीला आधी मोटारीतून प्रवास घडवावा लागतो. पावसाळ्यातल्या रविवारी पहाटे या रस्त्यावर असे नाना प्रकार दिसतात. कुणाच्या टपावर दोन सायकली ताठ उभ्या, कुणाच्या डिकीला पट्ट्यांनी आवळलेल्या, कुणाच्या थारच्या स्टेपनीवर लोंबणाऱ्या. रॅक घेताना बहुतेक जण सायकलीचा विचार आधी करतात. माझ्या मते पहिला विचार आपल्या इमारतीच्या पार्किंगचा करावा.

साधी हॅचबॅक दीड मीटर उंच असते. टपावर उभी केलेली सायकल त्यात मीटरभराहून अधिक भर घालते. म्हणजे एकूण उंची अडीच मीटरच्या वर गेली. तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी लोंबणारी काळी-पिवळी दांडी बऱ्याच ठिकाणी त्याहून खाली असते. डोक्यावर सायकल आहे हे माणूस परतीच्या वाटेवर, दमलेला असताना, नेमकं विसरतो. रोज तळघरात गाडी लावणाऱ्याने म्हणूनच टपाचा रॅक घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. गावातल्या वडाच्या पारंब्या आणि रेल्वेखालचे बुटके बोगदे आणखी वेगळेच.

बाकी टपाचा रॅक गुणाचा. डिकी उघडते, नंबरप्लेट आणि मागचे दिवे मोकळे राहतात. मात्र टपावरचे रूळ खरोखर वजन पेलणारे आहेत का, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावं. आपल्याकडच्या अनेक गाड्यांवर ते निव्वळ शोभेचे असतात. टपाची वजनमर्यादाही तिथेच सापडते आणि तिच्यात रॅकचं स्वतःचं वजन धरायचं असतं. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ६० वरून १०० किलोमीटरवर गेलं की तो सुमारे पावणेतीन पट होतो. पेट्रोलचा काटा ते दाखवतोच. शिवाय १३-१४ किलोची सायकल खांद्याच्या वर उचलावी लागते. २०-२५ किलोच्या ई-सायकलीसाठी हा मार्ग जवळपास बादच. ती कुठेही लावायची असली, तरी आधी बॅटरी काढून गाडीत ठेवावी.

डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक सर्वांत स्वस्त आणि काढून ठेवला तर कपाटात मावणारा. त्याचं सगळं यश गाडीच्या पाठीवर अवलंबून असतं. पट्ट्यांचे हूक पत्र्याच्या कडेत अडकायला हवेत. आजच्या हॅचबॅकना वरच्या बाजूला प्लास्टिकचा स्पॉइलर असतो, आणि तो हा भार घेण्यासाठी नसतो. विकत घेण्याआधी दुकानदाराला आपल्याच गाडीवर लावून दाखवायला सांगावं. दुसऱ्या मॉडेलवर ‘फिट बसतो’ या आश्वासनाला अर्थ नाही. रबरी पायांखाली धूळ राहिली की रंगावर चरे पडतात, म्हणून ती जागा आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना, हेही बघावं, कारण गरम धुराने रबर खराब होतं. पट्टे पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरांत थोडे सैल पडतात. थांबून एकदा आवळले की पुढचा घाट निवांत.

अशा रॅकवर सायकल वरच्या दांडीवर टांगतात. बिनदांडीच्या, म्हणजे लेडीज सायकलीला त्यासाठी एक सुटी आडवी दांडी जोडावी लागते. कार्बनच्या फ्रेमला मात्र कुठलीही पकड घट्ट आवळू नये. ती नळी आतल्या आत चिरते आणि बाहेरून पत्ता लागत नाही.

खरी गोची नंबरप्लेटची आहे. मागे दोन सायकली लावल्या की ती झाकली जाते, अनेकदा दिवेही. युरोपात यासाठी रॅकवर जादा नंबरप्लेट आणि दिव्यांची पट्टी लावायची पद्धत आहे. आपल्याकडच्या उच्च सुरक्षा नंबरप्लेटा गाडीला कायमच्या जखडलेल्या असतात, त्या काढून रॅकवर नेता येत नाहीत. वाहतूक पोलिसाने अडवलं तर त्याच्याशी वाद घालायला आपल्याकडे फारसं काही नसतं.

टो-हुकवर बसणारा रॅक परदेशात लोकप्रिय आहे. कंबरेच्या उंचीवर सायकल ठेवायची, चाकं पट्ट्यांनी बांधायची, झालं. पण इथल्या बहुतेक गाड्या हुकाशिवायच येतात, आणि बाहेरून बसवून घेतलेल्या हुकामुळे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, वॉरंटी आणि विमा असे तिन्ही प्रश्न उभे राहतात. थार, जिम्नी किंवा गुरखावाल्यांना स्टेपनीवर बसणारा रॅक सोपा. मात्र स्टेपनी आणि सायकली मिळून सगळं वजन दाराच्या बिजागऱ्यांवर येतं, म्हणून दोन सायकलींवर थांबावं.

आणि सायकल एकच असेल, तर? मग रॅकवर पैसे घालवण्याआधी मागची सीट पाडून बघा. पुढचं चाक काढलं की बहुतेक हॅचबॅकमध्ये सायकल आडवी मावते. पाऊस नाही, चोरीची धास्ती कमी, नंबरप्लेटही उघडी. खाली जुनी चादर अंथरावी आणि चेनची बाजू वर ठेवावी, म्हणजे मागचा गिअर दाबून वाकत नाही. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवावी. चाक नसताना कुणाचा हात ब्रेकवर पडला, तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मुक्कामी पोचल्यावर चाक आत जातच नाही.