पळायचंही आणि ओढायचंही!

दोस्तांनो, गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या क्रीडादिनाला आम्ही एक वेगळीच शर्यत ठेवली होती. मैदानाला एक फेरी मारायची, मग वाळूची पिशवी उचलून चालायचं, पुन्हा फेरी, मग दोरीने जुना टायर ओढायचा. पाचवीतला एक मुलगा सगळ्यांच्या पुढे होता. टायर ओढताना त्याची टाच बुटातून बाहेर आली आणि पठ्ठ्या दाणकन आपटला! पाहतो तर बूट मोठ्या भावाचे, पुढे कापूस कोंबलेला. गुडघा फुटला होता, पण तो रडला शर्यत हुकली म्हणून. मला मात्र वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. शिट्टी वाजवण्याआधी मी कुणाच्या पायांकडे पाहिलंच नव्हतं!

ही कल्पना आमची नव्हे बरं का! 'हायरॉक्स' नावाची अशी शर्यत २०१७ साली जर्मनीतल्या हॅम्बर्गमध्ये सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक मॉरिट्झ फ्युर्स्टे. २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या जर्मन हॉकी संघातला हा खेळाडू! मे २०२५ मध्ये ही शर्यत मुंबईतही झाली. एक किलोमीटर पळायचं, मग एक कसरत, असं आठ वेळा. कसरती तरी कसल्या? बिनचाकांची जड गाडी ५० मीटर ढकलायची, तशीच ओढायची, दोन्ही हातांत वजनं घेऊन २०० मीटर चालायचं!

आता सांगा, यासाठी बूट कोणता घ्याल? पळण्याचा? थांबा, एक प्रयोग करा. गादीवर एका पायावर उभे राहा. मग फरशीवर तसंच उभे राहा. कुठे जास्त डुगडुगलात? गादीवर ना! पळण्याच्या काही बुटांचा तळ असाच जाड आणि मऊ असतो. पळताना बरं वाटतं, पण हातात वजन आलं की घोटा डळमळतो. मग वजनं उचलण्याचा सपाट, कडक बूट? तो भक्कम खरा, पण आठ किलोमीटर पळून टाचा नि पोटऱ्या बोलायला लागतात! म्हणून निवडायचा तो मधला. थोडा मऊ, तळाला रुंद, आणि रबराची पकड चांगली असलेला. गाडी ढकलताना पाय सरकला तर सगळा जोर फुकट.

दुकानात एवढं नक्की करा.

१. संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे फुगतात. खेळताना घालायचे मोजेही सोबत न्या.

२. दोन्ही पायांत बूट घालून उभे राहा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. एक पाय मोठा असेल तर माप त्याचं घ्या.

३. नाडी बांधून चाला, उड्या मारा. टाच वरखाली होता कामा नये.

४. बूट हाताने वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध नव्हे.

आणि नवा बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका हं! फोड येतात. आधी आठवडाभर घालून खेळा.

आईबाबांना एक विनंती. 'वाढतं पाऊल आहे' म्हणून दोन नंबर मोठा बूट घेऊ नका. दर तीन-चार महिन्यांनी माप तपासा. महागडाच बूट हवा असंही नाही. भावाचा बूट घालण्यात तर कमीपणा मुळीच नाही, फक्त तो पायात नीट बसायला हवा.

यंदा शर्यतीच्या पंधरा दिवस आधी मी वर्गात सगळ्यांची पावलं कागदावर गिरवून घेणार आहे. पहिला कागद कुणाचा, ते तुम्ही ओळखलंच असेल!