एकट्या लोहारासाठीं 'गिलोटिन' चौकट

मृगापूर्वीं गांवच्या लोहाराकडे विळ्याखुरप्यांची रांग लागते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु घण मारणारा जोडीदार आज पुष्कळ ठिकाणीं मिळत नाहीं. एका हातांत सांडशी व दुसऱ्यांत हातोडा धरल्यावर लोखंडावर छिन्नी धरण्यास एकट्या लोहारानें तिसरा हात कोठून आणावा? विळ्याची शेपटी मुठींत शिरते तेथील खांदा दोन्ही बाजूंनीं सारखा पडला नाहीं, तर ती तेथेंच वाकते किंवा तुटते, आणि ऐन कामांत मजूर बांधावर बसून राहतात.

या अडचणीवर घरीं करतां येण्याजोगें साधन म्हणजे 'गिलोटिन' चौकट. फ्रान्सांत १७९२ सालीं शिरच्छेदासाठीं जें यंत्र वापरांत आलें, त्याप्रमाणें हिचेंही वरचें पातें दोन खांबांच्या खोबणींतून सरळ खालीं येतें. नांव मात्र भयंकर! खालचें पातें स्थिर असतें. तापलेलें लोखंड दोहोंमध्यें धरून वरच्या पात्याच्या डोक्यावर हातोडा मारिला कीं दोन्ही अंगांस समोरासमोर एकदमच खांच पडते.

पात्यांस मोटारलॉरीचा जुना कमानपाटा उत्तम. मात्र त्यास बारीक चीर नाहीं, हें पाहून घ्यावें. खांब व बैठक नरम लोखंडाची चालते. बैठक पाऊण इंचाहून पातळ नसावी व खालचें पातें थेट तिजवर टेकावें, म्हणजे घाव जोडावर न येतां जमिनींत जातो. आपल्याकडील साध्या ऐरणीस अवजार बसविण्याचें भोंक बहुधा नसतें. तेव्हां बाभळीचा ओंडका जमिनींत पुरून बैठक त्यावर बोल्टांनीं आवळावी.

खरी परीक्षा खोबणीच्या मोकळीकींत आहे. ती घट्ट झाली तर पातें तापून फुगतें, त्यांत लोखंडाची खवली अडकते व पातें मध्येंच रुतून बसतें. सैल झाली तर पातें कलतें आणि वरची खांच खालच्या खांचेसमोर येत नाहीं. यास्तव वेल्डिंग करितांना पात्याच्या एका अंगास तेलाच्या डब्याचा पातळ पत्रा घालावा व जोड निवल्यावर तो काढून घ्यावा. खोबणींचीं खालचीं तोंडें उघडीं ठेवावीं, म्हणजे खवली आपोआप गळून पडते. वंगण घालण्याचा मोह होतो, पण तेलास खवली चिकटून राहते. तें न घातलेलेंच बरें.

पुढील सुधारणा वापरांतून सुचतात. वरच्या पात्याखालीं हलकी स्प्रिंग बसविली तर तें उचललेलें राहतें व लोखंड सहज आंत सरकतें. पात्यांमध्यें ठराविक जाडीचा अडथळा ठेविला तर दहाही शेपट्या एकाच मापाच्या उतरतात. आमच्या मतें ही सुधारणा सर्वांत मोलाची. पातीं सुटीं असावीं : खांचेसाठीं गोल धारेचीं, सपाटीसाठीं चपटीं, तोडण्यासाठीं तीक्ष्ण.

पात्यांस पाणी देण्याची घाई करूं नये. तापल्या लोखंडाशीं गांठ असल्यानें धारेचा कडकपणा लवकरच उतरतो. लाल करून हवेंत निवविलेलें पातें या कामास पुरतें. डोक्यास तर पाणी कधींच देऊं नये, नाहीं तर हातोड्याखालीं कपची उडून डोळ्यांत जाईल. डोकें ठोकून पसरलें कीं कडा घासून काढाव्या, आणि काम करितांना चष्मा लावावा.