नोंदवही मिटा, अंथरुणावरचा माणूस पाहा!

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर ह्या शहरांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक नवा व्यवसाय झपाट्याने वाढला आहे. तो म्हणजे म्हाताऱ्या माणसांना पैसे घेऊन सांभाळण्याचा! कुठे त्याला वृद्धाश्रम म्हणतात, कुठे शुश्रूषागृह, तर कुठे केअर सेंटर. दारावरची पाटी कोणतीही असो, आत खाटांवर निजलेली माणसे एकाच दशेतली असतात. पक्षाघाताने अर्धे अंग लुळे पडलेली, मांडीचे हाड मोडल्यावर पुन्हा उभी न राहिलेली, स्मृतिभ्रंशाने पोटच्या मुलाचे नावही विसरलेली. ह्या माणसांची शुश्रूषा नीट होते की नाही, हे कोणी पाहावयाचे? आणि पाहावयाचे म्हणजे नेमके काय पाहावयाचे? हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे आणि सरकारपुढे मांडीत आहोत.

आईबापांना अशा ठिकाणी ठेवणाऱ्या मुलांवर कोरडे ओढण्याचा आमचा इरादा नाही. १९११ चे महाराष्ट्रीय कुटुंब आज राहिलेले नाही. दोन खोल्यांचे बिऱ्हाड, नवराबायको दोघेही नोकरीवर, एक मूल शाळेत आणि दुसरा भाऊ सातासमुद्रांपलीकडे, अशा घरात चोवीस तास अंथरुणावर असलेल्या वडिलांना कोण उठवणार, कोण न्हाऊ घालणार? २०११ च्या जनगणनेत साठी उलटलेली माणसे देशात दहा कोटींच्या वर आणि एकट्या महाराष्ट्रात एक कोटीच्या वर भरली. तेव्हा शुश्रूषागृहे लागणारच. तीन-तीन रात्री जागून रुग्णाची सेवा करणाऱ्या परिचारिका आणि मावश्या ह्याच शहरात आहेत, हेही आम्ही जाणतो. पण चांगले कोणते आणि वाईट कोणते, हे ओळखण्याचे साधन समाजाच्या हाती नाही, हीच खरी आपत्ती आहे.

गिऱ्हाईक एक, भोगणारा दुसरा

बाजारात खराब माल मिळाला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. शुश्रूषागृहाचा व्यवहार तसा नाही. पैसे मोजतो मुलगा आणि दिवस काढतो बाप. मुलगा येतो रविवारी, भेटीच्या ठरलेल्या वेळेत. त्याला दिसतो तो चकचकीत दिवाणखाना, कुंड्यांतली फुले, देव्हाऱ्यातली समई आणि नुकतीच बदललेली पांढरी चादर. बापाला ठाऊक असते ती मंगळवारची रात्र. तहानेने जीव कासावीस झाला आहे, पाण्याचा पेला हातभर दूर आहे आणि हाक मारून कोणी येत नाही! ती रात्र तो सांगू शकत नाही. सांगितली तर ‘आजोबांना आता भ्रम होतो’ असे उत्तर तयार असते. आणि ते उत्तर कित्येकदा खरेही असते, हेच त्यातले भयंकर! म्हणून मालकाचे माहितीपत्रक, मुलाचे समाधान आणि रुग्णाचे मौन, ह्या तिहींपैकी एकही साक्ष पुरेशी नाही.

तीन कसोट्या

बैरुतमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. अव्हेडिस डोनाबेडियन ह्यांनी १९६६ साली वैद्यकीय सेवेची प्रत कशी जोखावी, ह्यावर एक निबंध लिहिला. पारख तीन अंगांनी करावी, असे त्यांचे सांगणे. पहिले अंग साधनांचे: इमारत, खाटा, माणसे. दुसरे प्रत्यक्ष व्यवहाराचे: जे करावयास हवे ते वेळेवर होते काय? तिसरे परिणामाचे: त्या सेवेने रुग्णाचे काय झाले? आपल्याकडची पारख बहुतेक पहिल्याच पायरीवर संपते. खोल्या किती, पंखे किती, वातानुकूलन आहे की नाही, एवढे मोजले की काम झाले!

दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर उतरावयाचे असेल तर रुग्णाच्या पाठीवरची चादर बाजूला सारावी लागते. एकाच कुशीवर तासन् तास पडून राहिलेल्या माणसाच्या माकडहाडाशी, खुब्यावर, टाचांवर रक्त पोहोचत नाही. प्रथम कातडी लाल होते, बोटाने दाबूनही तो लालपणा जात नाही. पुढे कातडी फुटते आणि जखम हाडापर्यंत जाते. हेच शय्याव्रण, ज्याला दवाखान्यात बेडसोर म्हणतात. ते टाळण्याचा उपाय महाग नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, अंग कोरडे ठेवावे, पोटात सकस अन्न जावे. पण त्यासाठी रात्री दोन वाजताही जागे असलेले माणूस लागते. अशी जखम बहुधा रोगाचा नव्हे, शुश्रूषेचा दोष असते, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच बजावून ठेवले होते. अगदी जर्जर देहाला उत्तम सेवेतही कधी जखम होते, हे खरे. पण एकाच दालनात चार जणांच्या पाठी फुटलेल्या असतील, तर रोगाला दोष देण्यात अर्थ नाही.

तीच गोष्ट वजनाची. दर महिन्याला वजन करून ते लिहिले जाते काय? माणूस महिन्यामागून महिना झडत असेल, तर ताट त्याच्यापुढे ठेवले जाते पण घास भरवला जात नाही, अशी शंका घ्यावयास जागा आहे. कवळी, चष्मा आणि कानातले यंत्र माणसाच्या अंगावर आहे की खणात पडून आहे? पाण्याचा पेला हाताशी आहे काय? मनगटांवर बांधल्याचे वळ आहेत काय? आणि भर दुपारी सगळे दालन गाढ झोपलेले असेल, तर ती शांतता समाधानाची की गोळीची? स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना मनोविकारावरची काही औषधे दिल्यास मृत्यूचा संभव वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. तेव्हा आजी शांत झोपते म्हणून खूष होण्याआधी तिला काय दिले जाते, कोणत्या डॉक्टरच्या सहीने दिले जाते आणि का दिले जाते, हे विचारणे मुलांचे कर्तव्य आहे.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र मालकाला विचारावयाचा आहे. रात्रपाळीला माणसे किती? जी मावशी बारा बारा तास राबते, जिला कूस कशी बदलावी हे कोणी शिकवलेले नाही, जिचा पगार ब्यूरोच्या हातून कापून येतो आणि जी दोन महिन्यांत नोकरी सोडून जाते, तिच्याकडून मायेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? राबणाऱ्या माणसाची जिथे कदर नाही, तिथे निजलेल्या माणसाचे हाल ठरलेलेच!

अमेरिकेच्या तारका

सरकारने लक्ष घातले म्हणजे सारे सुरळीत होते, असेही नव्हे. अमेरिकेने १९८७ साली कायदा करून शुश्रूषागृहांतील रुग्णांचे हक्क ठरवून दिले. केवळ सोयीसाठी वा शिक्षा म्हणून कोणालाही बांधून ठेवण्यास मनाई केली. पूर्वसूचना न देता तपासणी सुरू केली आणि तपासणीचा अहवाल शुश्रूषागृहातच सर्वांना वाचता येईल असा ठेवणे भाग पाडले. २००८ च्या डिसेंबरात सरकार प्रत्येक शुश्रूषागृहाला एक ते पाच तारका देऊ लागले. कल्पना नामी होती! पण तपासणी सोडली, तर कर्मचारी किती आणि रुग्णांची प्रकृती कशी, हे आकडे शुश्रूषागृहे स्वतःच भरून देत. ही गोम न्यूयॉर्क टाइम्सने २०१४ साली चव्हाट्यावर आणली. त्यानंतर कर्मचाऱ्यांचे आकडे पगारपत्रकावरून घेण्याची पद्धत २०१६ पासून लागू झाली. धडा स्पष्ट आहे. विद्यार्थ्यानेच स्वतःचे गुण मांडावयाचे ठरवले, तर शाळेत नापास कोण होणार?

आपल्या घरची तऱ्हा

आपल्याकडे गुण मांडण्याची पाळीच आलेली नाही. ह्या राज्यात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्यांना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा करणारी जागा, अशी त्याची व्याख्या आहे. आत शिरून तपासणी करण्याचा अधिकारही त्यात आहे. २०२१ च्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे बंधनकारक केले. परंतु हा कायदा राबतो तो प्रामुख्याने इस्पितळांच्या आणि प्रसूतिगृहांच्या बाबतीत. ‘आम्ही उपचार करीत नाही, केवळ सांभाळतो’ असे म्हणून वृद्धांची गृहे त्याच्या कडेने निसटू शकतात.

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली केंद्राने कायदा केला. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे निराधार वृद्धांचा वृद्धाश्रम राज्याने उभारावा, असे त्यात आहे. पण ती आज्ञा नव्हे, मुभा आहे! समजा, ती अक्षरशः पाळली, तरी महाराष्ट्राच्या छत्तीस जिल्ह्यांत मिळून जागा होतात पाच हजार चारशे. आणि वृद्ध एक कोटीच्या वर! देशात कोणत्या जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत, ही साधी माहिती राज्यांकडून गोळा करा, असे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारला सांगावे लागले. ज्यांची मोजदाद नाही, त्यांची तपासणी कोण करणार? वृद्धांच्या गृहांची नोंदणी आणि सेवेचे किमान दर्जे ठरवू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते साडेचार वर्षे पडून राहिले आणि २०२४ साली लोकसभा विसर्जित होताच गतप्राण झाले. अंथरुणावर खिळलेल्या माणसाला मोर्चा काढता येत नाही, एवढेच त्याचे कारण!

मागणी

आमची मागणी साधी आहे. परावलंबी वृद्धाला पैसे घेऊन वा धर्मादाय ठेवून घेणाऱ्या प्रत्येक जागेची, तिची पाटी काहीही असो, नोंदणी सक्तीची करा. तपासणी न कळवता करा आणि वर्षातून एकदा तरी रात्री करा. तपासनिसाने वही नंतर पाहावी, आधी दालनातल्या सर्वांत असहाय माणसाची पाठ पाहावी, त्याची जीभ कोरडी आहे का ते पाहावे. त्याचा अहवाल दारावर लावा. रात्रपाळीला किती खाटांमागे किती माणसे हवीत, हे ठरवून द्या आणि ते पगारपत्रकावरून पडताळा. शुश्रूषा करणाऱ्या बायाबापड्यांना शिक्षण आणि पोटभर वेतन द्या.

आणि नागरिकहो, कायदा होईल तेव्हा होईल! तुमचे माणूस अशा जागी असेल, तर ह्या आठवड्यात रविवार सोडून भलत्याच वाराला, भलत्याच वेळी जा. अडवले तर का अडवले ते विचारा. आत गेल्यावर दिवाणखान्यात बसू नका. खाटेशी जा, चादर सारा, टाचा पाहा, पाण्याचा पेला कुठे आहे ते पाहा. आणि शेजारच्या खाटेवर ज्याला भेटावयास कोणीच येत नाही, त्याचीही चादर एकदा बाजूला सारून पाहा. त्या शुश्रूषागृहाची खरी किंमत तिथेच कळेल.