शेअरपॉइंटची साइट कुणाच्या ताब्यात?

मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमध्ये पूर्वी साइटच्या पोटात साइट, तिच्या पोटात आणखी एक, अशी उतरंड रचत. खात्यांची फेररचना झाली की सगळंच अडायचं. आता प्रत्येक साइट स्वतंत्र ठेवून ‘हब’ला, म्हणजे संबंधित साइट एकत्र बांधणाऱ्या मुख्य साइटला, जोडतात; उद्या लेखा विभाग दुसऱ्या हबखाली गेला तरी साइटचा पत्ता तोच राहतो. मात्र नुसतं हबला जोडल्याने परवानग्या बदलत नाहीत, हे पक्कं ध्यानात ठेवावं.

माझ्या मते खरी कळीची गोष्ट मालकीची. प्रत्येक साइटला किमान दोन मालक हवेतच. एकुलता एक मालक नोकरी सोडून गेला, की पगारपत्रकाची फाइल कोण कोण उघडू शकतं हे पाहणं कुणाचंच काम उरत नाही. आणि मालकाच्या हातून साइट चुकून डिलीट झालीच, तर ॲडमिनला ती ९३ दिवसांच्या आत परत आणता येते.