एजन्त प्रातिपदिकांची रूपसिद्धी आणि नियमांची व्याप्ती

संस्कृत नामांच्या रूपावलीत अकारान्त, इकारान्त, उकारान्त शब्दांना विस्तृत स्थान मिळते. परंतु ज्यांच्या अंती ए, ओ, ऐ, औ यांपैकी एखादा स्वर, म्हणजे पाणिनीय परिभाषेत एच्, येतो असे शब्द बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. गो, द्यो, रै, नौ, ग्लौ ही त्यांतील नेहमीची उदाहरणे. व्हिट्नीने १८७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या संस्कृत व्याकरणात हे शब्द संख्येने इतके थोडे आणि रूपांनी इतके भिन्न मानले, की त्यांचा निराळा वर्ग त्याने कल्पिला नाही. शालेय रूपावलीही प्रत्येक शब्दाचा स्वतंत्र तक्ता देऊन मोकळी होते. पाठांतरास हे सोयीचे खरे. पण ‘सुद्यो’ किंवा ‘प्ररि’ यांसारखा सामासिक शब्द पुढे आला म्हणजे तक्ता मुका होतो. संगणकाकडून रूपे सिद्ध करवून घेण्याचे जे प्रयत्न अलीकडे चालू आहेत, त्यांनाही हाच पेच पडतो: अपवाद म्हणून थोडी रूपे साठवून ठेवावीत, की ती निर्माण करणारे नियम मांडावेत?

नियमांच्या बाजूने पाहिले असता प्रथम दिसते ते असे, की या शब्दांची विलक्षणता वाटते तितकी नाही. नौ आणि ग्लौ यांना एकाही विशेष सूत्राची गरज लागत नाही. स्वरादी प्रत्ययापूर्वी एच् वर्णांच्या जागी अय्, अव्, आय्, आव् हे आदेश करणारे संधिसूत्र (६.१.७८) लावले, की नावौ, नावः, नावम्, नावा ही रूपे आपोआप सिद्ध होतात, व्यंजनादी प्रत्ययापुढे नौभ्याम्, नौभिः, नौषु असा मूळ शब्दच टिकतो. रै या शब्दाला मात्र एका सूत्राची भर लागते. व्यंजनादी विभक्तिप्रत्ययापूर्वी त्याच्या अन्त्य स्वराला आकार होतो (७.२.८५), म्हणून राः, राभ्याम्, रासु, इतरत्र रायौ, रायः, राया. तक्त्यात जे अनियमित भासते ते एका ओळीत सामावते.

ओकारान्त शब्दांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. गो शब्दापुढील सर्वनामस्थान प्रत्यय, म्हणजे प्रथमेचे तिन्ही आणि द्वितीयेचे पहिले दोन, णित् असल्यासारखे मानावेत असे ७.१.९० सांगते. णित् प्रत्ययापूर्वी ७.२.११५ ने वृद्धी होते आणि गौः, गावौ, गावः ही रूपे मिळतात. अम् आणि शस् यांच्यापूर्वी मात्र ओकार व प्रत्ययाचा अकार मिळून आकार होतो (६.१.९३): गाम्, गाः. या शेवटच्या सूत्राचा आरंभ संहितापाठात औकाराने होतो. पदच्छेद ‘आ ओतः’ असा न करता कोणी ते औकारान्ताविषयी आहे असे समजल्यास नौ शब्दाचे द्वितीयेचे एकवचन ‘नाम्’ होऊन बसेल! सूत्रपाठ यंत्रात जसाच्या तसा भरणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी.

खरा प्रश्न ७.१.९० च्या व्याप्तीचा आहे. सूत्र अक्षरशः गो शब्दापुरतेच घेतले तर द्यो शब्दाची द्यौः, द्यावौ, द्यावः ही रूपे सिद्ध होत नाहीत. काशिकेत म्हणूनच काहींचा ‘गो’ऐवजी ‘ओ’ असा व्यापक पाठ नोंदलेला आढळतो. (द्यौः हे रूप ७.१.८४ ने दिव् शब्दाचेही होते, ही गोष्ट निराळी. रूपावरून शब्द ओळखू पाहणाऱ्यास येथे दोन उत्तरे मिळतात.) परंतु व्यापक पाठ घेताच दुसरी अडचण उभी राहते. भानु शब्दाला जस् प्रत्ययापूर्वी ७.३.१०९ ने गुण होतो. त्या क्षणी अंग ‘भानो’, म्हणजे ओकारान्तच असते. तेथे णिद्वद्भाव मानला तर वृद्धी होऊन ‘भानावः’ असे अनिष्ट रूप निघेल; इष्ट रूप तर भानवः आहे. भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदीत यावर जो तोडगा स्वीकारला, तो रूपसिद्धीचे प्रतिमान रचणाऱ्या कोणालाही उपयुक्त ठरावा. नियम लागू होतो तो प्रत्यय ज्याला विहित झाला ते प्रातिपदिक ओकारान्त असेल तरच. प्रक्रियेच्या मध्यावर अंगाला ओकार आलेला असणे पुरेसे नाही. द्यो शब्दाला प्रत्यय विहित होताना तो ओकारान्त असतो, भानु नसतो.

दीक्षितांनी एवढ्यावर न थांबता बुद्ध्या घडवलेले शब्दही सिद्ध करून दाखवले आहेत. ‘इ’सह असणारा तो ‘से’: सेः, सयौ, सयः. ‘उ’ म्हणजे शंभू. त्याचे स्मरण ज्याने केले तो ‘स्मृतो’: स्मृतौः, स्मृतावौ, स्मृतावः. गम्लृ धातूच्या अनुकरणापासून त्यांनी षष्ठीचे ‘गमुल्’ हे रूपही काढले आहे. वाङ्मयात असले शब्द कोण वापरणार, असा आक्षेप सहज सुचतो आणि थोडा विनोदाचा अंशही येथे मान्य करावा लागतो. तथापि या शब्दांचा उपयोग प्रयोगासाठी नसून परीक्षेसाठी आहे. ज्याचा तक्ता कोणाच्याच पाठात नाही असा शब्द दिल्यावर नियमसमूह काय उत्तर देतो, हे त्यातून कळते.

नपुंसकलिंगात ही परीक्षा अधिक कठीण होते. नपुंसक प्रातिपदिकाचा अन्त्य स्वर ह्रस्व होतो (१.२.४७) आणि एच् वर्णांचा ह्रस्व इ किंवा उ असतो (१.१.४८), त्यामुळे प्र आणि रै यांच्या समासाचे ‘प्ररि’ होते. प्ररि, प्ररिणी, प्ररीणि ही रूपे वारि शब्दासारखीच चालतात. केवळ अन्त्य वर्ण पाहणारे प्रतिमान तृतीयेच्या द्विवचनी ‘प्ररिभ्याम्’ म्हणून मोकळे होईल. कौमुदीतील रूप मात्र ‘प्रराभ्याम्’ आहे. एका अवयवात विकार झाल्याने वस्तू परकी होत नाही, या न्यायाने ‘रि’ येथे अजून रैच आहे, म्हणून ७.२.८५ प्रवृत्त होते. तेव्हा प्रतिमानात शब्दाचा वर्तमान आकार नोंदवून भागत नाही, तो कोणत्या शब्दापासून आणि कोणत्या सूत्राने तेथवर आला हेही प्रत्येक पायरीवर सोबत ठेवावे लागते.